निळं द्रावण विरल करताना
(कॉपर सल्फेट ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल, या बाटलीसोबतचं माहितीपत्रक)

प्रॅक्टिकलचे दिवस आले की कॉलेजांतून आम्हाला एकच फोन येतो: "कलरीमीटरचा (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख सरळ येत नाही, कमी तीव्रतेच्या द्रावणांचे बिंदू घसरतात. बाटली खराब निघाली का?" त्याच बॅचची बाटली आम्ही तपासतो, ती ठीक असते. गडबड होते ती विरल करताना. मुलांचा अख्खा तास त्यात वाया जातो, म्हणून हे पान.

समजा, १० मिलि कॉपर सल्फेट पिपेटनं घेतलं, २ मोलर अमोनिया ४० मिलि घातला आणि पाण्यानं १०० मिलि केलं. आधी कॉम्प्लेक्स (कॉपर आयनाला अमोनिया चिकटून बनणारा गडद निळा आयन) बाजूला ठेवा, फक्त आकारमान बघा. कॉपर ०.०१ मोलर झालं, अमोनिया ०.८ मोलर. पुष्कळ मुलं बाटलीवरचे ०.१ आणि २ तसेच सूत्रात टाकतात आणि तिथेच उत्तर चुकतं.

आता कॉम्प्लेक्स. एका कॉपर आयनाला चार अमोनिया लागतात. ०.०४ मोलर खर्ची पडला, ०.७६ उरला. त्याचा चौथा घात ०.३३. कॉम्प्लेक्स किती घट्ट बांधलं जातं ते सांगणारा स्थिरांक ढोबळमानानं १० चा १३ वा घात धरा. ०.०१ ला या दोघांच्या गुणाकारानं भागलं की मोकळं कॉपर येतं: ३ गुणिले १० चा उणे १५ वा घात. म्हणजे जवळपास सगळं कॉपर अमोनियानं बांधलेलं.

हेच द्रावण नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दहापट विरल केलं, तर एकूण कॉपर ०.००१ मोलर, हे बरोबर. पण मोकळा अमोनिया ०.०७६ वर आला आणि त्याचा चौथा घात दहा हजारपट घटला. याच सूत्रानं मोकळं कॉपर कमी होण्याऐवजी हजारपट वाढतं! काही आयनांवर तीनच अमोनिया उरतात, रंग बदलतो. शिवाय कॉपर हायड्रॉक्साइडचा साकाही पडू शकतो. फ्लास्क खिडकीसमोर धरून हलवा. फिकट निळसर धुरकटपणा दिसला तर ते रीडिंग घेऊच नका.

उपाय सोपा आहे. पाण्याऐवजी ०.८ मोलर अमोनियानं विरल करा आणि कलरीमीटरचा शून्यही त्याच्यावरच लावा. लिकर अमोनिया (बाजारात मिळणारं तीव्र अमोनिया द्रावण) २५ टक्क्यांचा असेल तर साधारण ६० मिलि घेऊन एक लिटर करा. त्याची बाटली फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटातच) उघडा, उन्हाळ्यात आधी गार करून. जुन्या बाटलीतला वायू उडून गेलेला असतो, तेव्हा तिची ताकद आम्लानं तपासून मगच आकडा धरा.