नवीन मशीन मधेच बंद पडतंय? आधी फॉरमॅट मारू नका

आमच्याकडून नेलेलं असेंबल्ड मशीन, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर, पहिल्या एक-दोन महिन्यांत मधेच रिस्टार्ट झालं, हँग झालं किंवा खटकन बंद पडलं, की बहुतेक ग्राहक दुकानात यायच्या आधी एक काम उरकून येतात. फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. लातूर शहरातले करतात, तसे उदगीर-निलंग्याहून एसटीत मशीनचा डबा मांडीवर घेऊन येणारेही करतात. हे पत्रक तेवढ्या एका गोष्टीसाठी छापलं आहे. मशीन आहे त्या अवस्थेत आणा.

मशीन बंद पडतं तेव्हा विंडोज त्याची नोंद ठेवतं. ब्लू स्क्रीन (चूक सांगणारी निळी स्क्रीन) आली असेल तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप नावाच्या फोल्डरात एक छोटी फाइल पडते. विंडोजच्याच रिलायबिलिटी मॉनिटर या नोंदवहीत तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. या नोंदी हाताशी असल्या तर अर्ध्या तासात दिशा सापडते. फॉरमॅटमध्ये त्या सगळ्या जातात, आणि मग मशीन पुन्हा बंद पडेपर्यंत आम्हाला ते टेबलावर चालू ठेवून वाट बघावी लागते. कधी दोन दिवस, कधी पाच.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. दोष रॅममध्ये (मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत) असेल आणि त्याच रॅमवर तुम्ही विंडोज टाकलं, तर फाइल कॉपी होतानाच बिघडू शकतात. पुढे आम्ही रॅम बदलून दिली तरी मशीन अडखळत राहतं आणि तुम्हाला वाटतं, दुकानदाराने दुसरी रॅमही खराबच दिली. शिवाय मशीन देताना आम्ही विंडोजचं आपोआप रिस्टार्ट होणं बंद करून देतो, म्हणजे ब्लू स्क्रीन समोर थांबते आणि तिचा फोटो काढता येतो. फॉरमॅट झालं की ते सेटिंग पुन्हा चालू होतं आणि स्क्रीन डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाते.

फॉरमॅट कधीच करायचं नाही असं नाही. रॅम टेस्ट पास झाली, पॉवर ठीक निघाली आणि संशय ड्रायव्हरवर (एकेक भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आला, की आम्ही स्वतःच करतो. पण ते शेवटी.

तुमच्याकडून आम्हाला हवं ते एवढंच: मशीन कसं बंद पडतं? निळी स्क्रीन येते का? लाइट गेल्यासारखं एकदम काळं होतं का? चित्र जागच्या जागी थिजतं आणि माऊस हलत नाही, असं होतं का? की मशीन चालू राहतं आणि फक्त गेम किंवा कोरलसारखं सॉफ्टवेअर बंद होतं? या चार तक्रारींच्या वाटा वेगळ्या आहेत. "बंद पडतंय" एवढंच सांगितलं तर चारही वाटा चालाव्या लागतात. निळ्या स्क्रीनवर मेमरी मॅनेजमेंट लिहिलेलं असेल तर आम्ही रॅमपासून सुरुवात करतो. एकदम काळं होत असेल तर घरच्या विजेच्या लाइनपासून.

बरेच जण इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीचा फोटो घेऊन येतात आणि पॉवर सप्लाय बदलून मागतात. त्या ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते त्यात नसतं. तेवढ्यावर पॉवर सप्लाय बदलून पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

लाइनचं एक उदाहरण सांगतो. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या एका ग्राहकाचं मशीन दुपारी एक्सपोर्ट (व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की बंद पडायचं. त्यांनी तीनदा फॉरमॅट केलं, मग आमच्याकडे आणलं. आमच्या टेबलावर दोन दिवस सलग एक्सपोर्ट चालवला, काही झालं नाही. शेवटी त्यांना म्हटलं, मशीन घरी न्या, जागेवर लावा आणि बंद पडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्या व्हिडिओत मशीन जायच्या आधी खोलीतला बल्ब जरासा डिम झाला आणि यूपीएसमधून 'टक्' असा आवाज आला. शेजारच्या बोअरची मोटर सुरू झाली होती. लाइन खाली गेली आणि यूपीएस बॅटरीवर आला. यूपीएस होता ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉट. एक्सपोर्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर धरून ओढ त्याहून जास्त होती. लाइन नीट असेपर्यंत ते खपून जायचं, बॅटरीवर आल्या क्षणी यूपीएस हात वर करायचा. मशीनमध्ये काडीचाही दोष नव्हता.

म्हणून ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला आम्ही १००० व्हीए किंवा त्यापुढचा यूपीएस सुचवतो. आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण वॉट बघून घ्या, नुसतं व्हीए बघून नको. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालत असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का तेही बघा. लाइट गेल्यावर पॉवर सप्लाय स्वतःच्या दमावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरने त्याहून जास्त वेळ लावला की मशीन गेलं.

आता रॅम. नव्या मशीनच्या बाबतीत आमचा पहिला संशय तिच्यावरच असतो. खोक्यावर ६००० हा वेग छापलेली डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम मुळात ४८०० किंवा ५६०० वर चालू होते. ६००० साठी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग चालू करावं लागतं. आम्ही ते चालू करून रात्रभर मेमटेस्ट ८६ ही रॅमची चाचणी लावतो आणि एकही लाल ओळ आली तर ती रॅम देत नाही. मशीन मिळायला एक दिवस जास्त लागतो तो यामुळे, आणि तो आम्ही कमी करणार नाही. पण नंतर ऑनलाइन स्वस्तात मिळाल्या म्हणून रॅमच्या आणखी दोन स्टिक (पट्ट्या) लावल्या की ही टेस्ट बाद होते. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेत दोन स्टिकला अधिकृत वेग ५२०० आहे, चार स्टिकला फक्त ३६००. कंपनी एक, जीबी तेवढेच, तरी चारही स्टिक एकमेकींशी जुळतील याची खात्री नसते. रॅम वाढवायची असेल तर आधी फोन करा, शक्य तिथे जुनी जोडी घेऊन मोठी जोडी लावून देऊ.

घरी करून बघण्यासारखी, पैसे न लागणारी एक चाचणी आहे. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. बंद पडणं थांबलं तर आम्हाला तेवढंच सांगा, निम्मं काम झालं. सेटिंग बदलल्यावर डीडीआर५ मशीनची स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. ते रॅम जुळवून घेत असतं, घाबरून प्लग ओढू नका.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केलं, नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, तो बायोस अपडेटमधून येतो) दिला आणि बॉक्स (खोक्यात सुट्या विकल्या जाणाऱ्या) प्रोसेसरची वॉरंटी ३ वरून ५ वर्षं केली. हे प्रोसेसर असतील तर बायोस अपडेट आम्ही मोफत करून देतो, मशीन दुसरीकडून घेतलेलं असलं तरी. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र अपडेटने सुधारत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो. बिल जपून ठेवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा कॅबिनेट कपाटात कोंडू नका. गरमीने मशीन सहसा आधी मंदावतं, मग बंद पडतं, त्यामुळे हा दोष तुमच्याही लक्षात येतो.

आमच्याकडून घेतलेल्या मशीनची तपासणी पहिलं वर्ष मोफत आहे. बाहेरच्या मशीनला ३०० रुपये, आणि दोष सापडला नाही तर तेही घेत नाही. फॉरमॅट करून आणलेल्या मशीनला मात्र किमान चार दिवस लागतील, तेव्हा "संध्याकाळी नेतो" असा आग्रह धरू नका.

आणताना डबा काचेची बाजू वर करून आडवा ठेवा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड उभं राहतं आणि खड्ड्यांत त्याचं वजन स्लॉटवर लटकत नाही. यूपीएस आणि त्याची वायरही सोबत आणा.