पोटातल्या बाळाची तपासणी: कागद कोणते, आणि आईच्या रक्ताची बाटली कशाला?

आईबाप दोघेही थॅलेसेमिया मायनर निघाले, म्हणजे दोघांकडेही रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं एकेक सदोष जनुक असलं, की बाळाचा नमुना तपासायला सांगतात. कोल्हापुरात या तपासणीला निघताना फाईल जाडजूड होते, पण आईचं स्वतःचं रक्त सोबत जाणार आहे का, हे विचारायचं राहून जातं.

आधी पात्रता. 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार वय 35 च्या वर, आपोआप झालेले दोन किंवा जास्त गर्भपात, घातक औषध, किरणं वा संसर्गाशी संबंध, घरात आनुवंशिक आजार, यांपैकी एक कारण पुरेसं. तपासणी केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. बाळ मुलगा की मुलगी, हे विचारूही नका. सांगणं गुन्हा आहे.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, सोनोग्राफीचा रिपोर्ट, दोघांचे एचपीएलसी (थॅलेसेमिया ओळखणारी रक्ततपासणी) आणि रक्तगटाचे रिपोर्ट घ्या. आधीचं मूल आजारी असेल तर त्याचा डीएनए रिपोर्ट सोन्यासारखा जपा. एफ फॉर्म, म्हणजे तपासणीची नोंद, केंद्र भरतं. जी फॉर्म म्हणजे संमतीपत्र. ते कळेल त्या भाषेत समजावून घ्या आणि प्रत मागा, तो हक्क आहे. सही फक्त गर्भवतीची. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच!

आता बाटली. नाळेतून रक्त घेतात ते साधारण 18 आठवड्यांनंतर. सुई आईच्या पोटातून, कधी वारेतून जाते, त्यामुळे आईचं रक्त मिसळू शकतं. बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक आलेलं असेल आणि त्यात आईचं निरोगी जनुक मिसळलं, तर थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचं गंभीर रूप असलेलं बाळ रिपोर्टात नुसतं मायनर दिसू शकतं. म्हणून रक्त घेताच एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान बघतात: या वयात बाळाच्या तांबड्या पेशी मोठ्या, आकडा शंभरच्या बराच वर, मायनर आईचा सहसा ऐंशीच्या खाली. पण थोडी भेसळ यात सुटू शकते. पक्कं उत्तर मिळतं ते आईच्या आणि बाळाच्या डीएनएच्या खुणा शेजारी ठेवून. त्यासाठी जांभळ्या टोपणाच्या बाटलीत आईचं थोडं रक्त लागतं. गर्भजल किंवा वारेचा तुकडा घेतला तरी डीएनएची हीच तुलना.

नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर बाळाच्या नमुन्याची आणि आईच्या रक्ताची अशा दोन्ही बाटल्या एकाच खोक्यात, नाव आणि तारखेसह गेल्या का, ते निघण्यापूर्वी विचारा. नंतर गडहिंग्लज-चंदगडहून पुन्हा हेलपाटा नको. आई आरएच निगेटिव्ह असेल तर तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन नमुना घेतल्यापासून 72 तासांच्या आत. रिपोर्ट हातात आला की आईच्या पेशींची भेसळ तपासल्याची ओळ त्यात शोधा. नसेल तर लॅबला लेखी विचारा.