डोक्याला मार, पंधरापैकी किती?

गळीत हंगामात कोल्हापूरच्या रस्त्यांवर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात दिसत नाही. मागून धडकलेला दुचाकीस्वार इस्पितळात आला, की डॉक्टर त्याचा ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचे गुण, काढतात. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही मोजणी. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण ८ किंवा कमी म्हणजे दुखापत गंभीर.

मेंदूच्या दुखापतीवर संशोधन करायचं असेल, तर सुरुवात इथून करावी. ‘कुठं आहेस?’ विचारल्यावर रुग्ण ‘रानात पाणी पाजायलोय’ म्हणाला, तर वाक्य नीट आहे पण भान नाही: बोलण्याचे ४. सुटे, असंबद्ध शब्द ३, नुसतं कण्हणं २. श्वासासाठी घशात नळी असेल तर १ (काहीच आवाज नाही) लिहायचा नाही, ‘तपासता आलं नाही’ असं लिहायचं. नवखे हमखास १ लिहितात आणि शुद्धीवरचा माणूसही कागदावर बेशुद्ध होतो. आकड्याशेजारी वेळ हवीच. कवटीखाली धमनी फुटलेला माणूस आधी नीट बोलतो आणि रक्त साठत गेलं की काही तासांत कोसळतो.

एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना आहे. बीएस्सीवाल्यांनी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी करावी, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. बेंगळुरूचं निम्हान्स (मेंदू व मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था), मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र ही ठिकाणं नजरेत ठेवावीत. गणित, कॉम्प्युटर पक्कं असेल तर सीटी स्कॅनच्या विश्लेषणात भरपूर काम आहे.

प्रयोगशाळेतली गोष्ट वेगळी. प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय उंदराला हातही लावता येत नाही. मेंदूला मार देण्याच्या मारमारू यांच्या १९९४ च्या पद्धतीत भूल दिलेल्या उंदराच्या कवटीवर पोलादी चकती चिकटवून नळीतून ४५० ग्रॅमचं वजन २ मीटरवरून सोडतात. वजन उसळून दुसऱ्यांदा आदळलं, तर तो उंदीर मोजणीतून बाद. त्याहून फसवं म्हणजे तापमान. भुलीत उंदराचं अंग गार पडतं आणि गारठा मेंदूला वाचवतो. श्रेय मात्र औषधाला जातं. म्हणून अंगाखाली गरम पॅड ठेवून शरीर ३७ अंशांच्या आसपास राखतात.

आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या मेंदूच्या स्लाइडवर ‘औषध’ लिहिलेलं दिसलं, की मेलेल्या पेशी कमीच मोजल्या जातात. प्रामाणिक माणसाकडूनसुद्धा. तेव्हा स्लाइडवरचे नंबर मोजणाऱ्यानं नव्हे, दुसऱ्यानं टाकायचे, आणि मोजणी संपेपर्यंत कुठला नंबर कुणाचा ही यादी त्या दुसऱ्याच्याच कपाटात.