ओट्सचे दूध: घरी केलेले आणि पाकिटातले

ओट्सच्या दुधाचे फायदे सांगताना बहुतेक वेळा एकच यादी पुढे केली जाते: त्यात लॅक्टोज (जनावरांच्या दुधातली साखर) नाही, कोलेस्टेरॉल नाही, विद्राव्य तंतू आहेत, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व मिळते, आणि शिवाय ते पाच मिनिटांत घरी करता येते. यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या ओट्सच्या दुधाबाबत खरी आहे, पण या सगळ्या गोष्टी एकाच पेल्यात मिळत नाहीत. पाकिटातले दूध आणि मिक्सरमध्ये फिरवून गाळलेले दूध यांचा कच्चा माल तेवढा एक आहे. चव, साखर, टिकाऊपणा आणि पोषण या चारही बाबतींत ती दोन वेगळी पेये आहेत.

फरकाचे मूळ स्टार्चमध्ये आहे. ओट्सच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्टार्चचा असतो. थंड पाण्यात स्टार्चचे कण न विरघळता नुसते तरंगत राहतात आणि पाणी तापू लागले की ते फुगून सगळे मिश्रण खळीसारखे दाट होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस स्वीडनमधील लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे हे अन्नशास्त्रज्ञ, ज्यांना लॅक्टोज पचत नाही अशा लोकांसाठी पर्याय शोधत असताना, या अडचणीवर एन्झाइमचा (रासायनिक बदल वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाचा) उपाय घेऊन आले, आणि त्याच कामातून १९९४ मध्ये ओटली ही कंपनी उभी राहिली. पाण्यात दळलेल्या ओट्समध्ये अमायलेज गटातील एन्झाइम मिसळून मिश्रण कोमट-गरम ठेवले की स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. पेय पातळ राहते, आपसूक गोड लागते आणि पुढे उकळले तरी घट्ट होत नाही. मग चोथा वेगळा काढून त्यात सहसा थोडे वनस्पती तेल, मीठ, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे घालतात आणि अतिउच्च तापमानाची प्रक्रिया करून ते पाकिटात भरतात, म्हणून न उघडलेले पाकीट कित्येक महिने टिकते.

ओट्सच्या दाण्यात स्वतःची एन्झाइम्स नसतात असे नाही. परंतु त्यांपैकी लायपेज हे एन्झाइम दाण्यातील स्निग्धांश फोडून ओट्स खवट आणि कडवट करते, त्यामुळे गिरणीतच दाण्यांना वाफ देऊन ते निष्क्रिय केले जाते. त्या वाफेपुढे बाकीची एन्झाइम्सही फारशी तग धरत नाहीत. घरी आणलेले रोल्ड ओट्स कितीही वेळ भिजवले तरी त्यांच्यातून पाकिटासारखी गोडी उतरत नाही, याचे कारण हेच.

घरी दूध करताना १ वाटी रोल्ड ओट्सना ४ वाट्या अगदी थंड पाणी घ्यावे, चिमूटभर मीठ आणि हवे असल्यास १ चमचा वास नसलेले तेल घालावे, आणि मिक्सर २० ते ३० सेकंदांहून अधिक फिरवू नये. पातळ सुती कापडातून मिश्रण आपल्या आपण गळू द्यावे. कापड पिळण्याचा मोह आवरावा, कारण शेवटी पिळून निघणारा भागच सर्वांत चिकट असतो. झटपट शिजणारे बारीक ओट्स या कामाला नकोत, त्यांचे दूध हमखास बुळबुळीत होते. तयार दूध फ्रिजमध्ये ३-४ दिवस राहते. तळाशी साका बसतो, तो हलवून घ्यावा. हे दूध थंडच प्यावे किंवा कॉर्नफ्लेक्ससारख्या न्याहारीच्या पदार्थावर ओतून खावे. पातेल्यात तापवायला ठेवले की कडेने ते आळू लागते, चमच्याला चिकटते आणि पाहता पाहता त्याची लापशी होते. ज्यांना कॉफीत घालण्यासाठी ओट्सचे दूध हवे आहे त्यांनी पाकीटच घ्यावे, असे मला वाटते. खास कॉफीसाठीच्या पाकिटांत तेलाचे प्रमाण जास्त असते आणि बहुधा फॉस्फेटचे क्षारही घातलेले असतात, त्यामुळे कॉफीच्या आंबटपणाने ते फाटत नाही.

आता ज्या बीटा-ग्लुकनसाठी ओट्सची ख्याती आहे त्याकडे वळू. हा विद्राव्य तंतू आतड्यात दाट, चिकट थर तयार करतो, पित्ताम्लांना (स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करणाऱ्या पित्तातील आम्लांना) अडवतो, आणि त्यांची भरपाई करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सबाबतचा आरोग्यविषयक दावा मान्य केला तो दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या आधारावर. काही पाकिटांवर २५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १ ग्रॅम असे प्रमाण छापलेले असते. घरच्या दुधात ते किती उतरले हे सांगता येत नाही, आणि गंमत अशी की ज्या बुळबुळीतपणापासून वाचण्यासाठी आपण थंड पाणी घेतो, मिक्सर लवकर थांबवतो आणि कापड पिळत नाही, त्यात बीटा-ग्लुकनचाही वाटा असतो. दूध जितके सुरेख आणि हलके, तितका हा तंतू चोथ्यात मागे राहिलेला असण्याची शक्यता अधिक. कोलेस्टेरॉल कमी करणे हाच हेतू असेल तर सरळ ओट्स शिजवून खावेत. निदान चोथा तरी टाकू नये, पिठात मळून वापरावा.

साखरेच्या बाबतीत पारडे घरच्या दुधाकडे झुकते. पाकिटावर ‘वरून साखर घातलेली नाही’ असे लिहिलेले असले तरी पोषणतक्त्यात १०० मिलिलिटरमागे ३-४ ग्रॅम साखर अनेकदा दिसते; ती एन्झाइमने स्टार्चपासून केलेली माल्टोज असते आणि रक्तातील साखर वेगाने वाढवते. मधुमेह असलेल्यांनी समोरची घोषणा नव्हे, मागचा तक्ता वाचावा. घरच्या दुधातही स्टार्च असतोच, त्यामुळे तेही मोजूनच घ्यावे.

कॅल्शियमचा प्रश्न मात्र एकतर्फी आहे. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; पोषकद्रव्ये घातलेल्या पाकिटांत साधारण तेवढेच राखलेले असते, पण ते तळाशी बसते म्हणून पाकीट चांगले हलवावे लागते. घरच्या दुधात ते नगण्य असते आणि बी-१२ तर नसतेच. प्रथिने दोन्हींत कमीच: १०० मिलिलिटरमागे गाईच्या दुधातील ३ ग्रॅमहून थोड्या अधिक प्रथिनांच्या तुलनेत पाकिटात जेमतेम १ ग्रॅम. म्हणून वर्षाखालील बाळाला यांपैकी कोणतेही दूध आईच्या दुधाच्या जागी देऊ नये. सीलिॲक आजार (ज्यात गहू-बार्लीतील ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला अपाय करते) असलेल्यांनी दोन्ही प्रकारांत ग्लुटेनमुक्त असे प्रमाणित केलेलेच ओट्स पाहावेत, कारण शेतात आणि गिरणीत ओट्समध्ये गहू व बार्ली सहज मिसळतात.

अमायलेजची पूड मिळवून घरीही पाकिटासारखे दूध करणारे लोक आहेत. मिश्रण साधारण ६० अंशांच्या आसपास काही वेळ ठेवून मग उकळले की एन्झाइमचे काम थांबते, दूध गोड होते आणि तापवल्यावर आळतही नाही. मात्र गोडीबरोबर माल्टोजही येते, आणि कॅल्शियम, बी-१२ यांची सोय दुसरीकडून करावीच लागते.