अंड्यात शिरलेला उजेड

अंगणावरून घार गेली की कोंबडी काय करते, हे गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं. दाणे टिपणं थांबवून ती मान तिरकी करते आणि एकच डोळा आभाळाला लावते. सत्तरी तालुक्यात आजीच्या घरी मी हे कितीदा तरी पाहिलं, पण तो डोळा डावा की उजवा हे बघायचं कधी सुचलं नाही. पिल्लांवरच्या प्रयोगांनी उत्तर दिलं आहे: बहुतेक वेळा डावा. खड्यांतून दाणा वेचताना मात्र उजवा.

पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. एक डोळा जे बघतो त्यातलं फार थोडं दुसऱ्याला दिसतं. डोळ्यांतून निघालेल्या नसा जवळजवळ पूर्णपणे एकमेकींना ओलांडून जातात, म्हणजे उजव्या डोळ्याचं दृश्य डाव्या मेंदूत पोचतं आणि डाव्याचं उजव्यात. शिवाय आपल्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारा जो जाडजूड तंतूंचा पूल असतो, तो पक्ष्यांत नाहीच. त्यामुळे एक डोळा झाकला की जवळपास अर्ध्या मेंदूची परीक्षा घेता येते. अभ्यासकांनी नेमकं हेच केलं. उजवा डोळा वस्तूंमधले बारीक फरक ओळखण्यात सरस निघाला, तर डावा जागेचा अंदाज, नवी वस्तू आणि शत्रूची चाहूल यांत.

ही विभागणी घडते कशी, ती गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत पिल्लू अंड्यात असं वळून बसतं की त्याचा डावा डोळा स्वतःच्याच अंगाखाली दबतो आणि उजवा कवचाकडे येतो. कवचातून झिरपणारा उजेड एकट्या उजव्या डोळ्याला मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या संशोधक लेस्ली रॉजर्स यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की अंडी ठार अंधारात उबवली, तर दाणा आणि खडा ओळखण्यातला डाव्या-उजव्याचा फरक उरत नाही. उजवा डोळा झाकून डाव्याला उजेड दिला, तर विभागणी चक्क उलटी होते. जर्मनीत बोखुम इथे ओनुर ग्युंट्युर्कुन आणि सहकाऱ्यांना कबुतरांतही उजेडाचा असाच परिणाम दिसला.

हे वाचलं तेव्हा मला आजीची अंडी उबवायची पाटी आठवली. खुडूक झालेल्या कोंबडीला ती पडवीच्या काळोख्या कोपऱ्यात, पेंढ्यावर, एकवीस दिवस बसवायची. मग तिथे उजेड कुठून येणार? पण कोंबडी रोज थोडा वेळ उठते, दाणापाणी करून येते, आणि तेवढ्यात अंडी उघडी पडतात. शेवटच्या दिवसांत काही तासांचा उजेडसुद्धा पुरतो, असं प्रयोग सांगतात.

याचा उपयोग काय? २००४ मध्ये रॉजर्स आणि त्यांच्या इटलीतल्या सहकाऱ्यांनी पिल्लांना एकाच वेळी दोन कामं दिली: खड्यांतून दाणे वेचायचे आणि डोक्यावरून सरकणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या आकृतीवर लक्षही ठेवायचं. उजेडात उबवलेल्या पिल्लांना दोन्ही जमलं. अंधारातल्या पिल्लांची तारांबळ उडाली.

आता दूरच्या प्रवासाकडे येऊ. युरोपातला तांबड्या छातीचा रॉबिन, आपल्या दयाळचा लांबचा भाऊबंद, रात्री स्थलांतर करतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतो. फ्रँकफुर्टच्या वोल्फगांग विल्ट्श्को यांनी हे १९६०च्या दशकात दाखवलं. हे होकायंत्र चालायला उजेड लागतो, तोही निळा-हिरवा. तांबड्या उजेडात पक्षी गोंधळतो. म्हणूनच डोळ्याच्या पडद्यातल्या, उजेड टिपणाऱ्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर संशय आहे. मग २००२ मध्ये विल्ट्श्को आणि सहकाऱ्यांनी रॉबिनचा एकेक डोळा झाकून पाहिला. नुसता उजवा उघडा असताना दिशा बरोबर लागली, नुसता डावा उघडा असताना पक्षी कुठेही वळू लागले.

निकाल फार गाजला, पण जर्मनीतल्याच ओल्डेनबुर्गमधल्या अभ्यासकांना दोन्ही डोळ्यांत होकायंत्र सापडलं. पुढे फ्रँकफुर्टच्याच गटाला दिसलं की पहिल्या शरद ऋतूतल्या प्रवासात कोवळ्या रॉबिनला कुठलाही एक डोळा पुरतो आणि उजव्याकडचा कल नंतर येतो. ‘होकायंत्र उजव्या डोळ्यात असतं’ हे वाक्य म्हणूनच मला घाईचं वाटतं. कबुतरं घराची वाट शोधताना नाकही वापरतात, आणि तिथेही डावं-उजवं आहे: उजवी नाकपुडी बंद केलेली कबुतरं जास्त वळणं घेत, जास्त ठिकाणी थांबत घरी आली.

या होकायंत्राची आणखी एक खोड आहे. ते उत्तर-दक्षिण सांगत नाही. चुंबकीय रेषा जमिनीशी किती कलल्या आहेत त्यावरून ध्रुवाकडची बाजू आणि विषुववृत्ताकडची बाजू एवढंच सांगतं. फ्रँकफुर्टला हा कल ६० अंशांहून जास्त आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्याकडे या रेषा बऱ्याच आडव्या पडलेल्या. उत्तरेकडून गोव्यात उतरणारा पक्षी या रेषा हळूहळू आडव्या होत जाताना अनुभवत येत असला पाहिजे.

थंडीत करमळीच्या तळ्यावर तलवार बदकं आणि भुवई बदकं येतात. पूर्वी मी तिथे दुर्बीण घेऊन घार किंवा भोवत्या शोधायचो. आता शिकारी पक्षी वर आला की मी दुर्बीण खाली वळवतो आणि बदकांच्या माना बघतो, कुठल्या बाजूला तिरक्या होतात ते.