प्रत पूर्ण झाली, तरी लॅपटॉप सुरू का होत नाही?

२५६ जीबीची एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी ड्राइव्ह, भरत आली की लॅपटॉपचा मालक १ टीबीची नवी एसएसडी आणतो, ती यूएसबीच्या डबीत बसवून लॅपटॉपला जोडतो, ड्राइव्हची हुबेहूब प्रत काढणाऱ्या क्लोनिंगच्या प्रोग्रॅमला कामाला लावतो आणि पडद्यावर ‘शंभर टक्के पूर्ण’ असे दिसल्यावर निश्चिंत मनाने दोन्ही ड्राइव्हची अदलाबदल करतो. बटण दाबल्यावर मात्र काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी पाटी येते, किंवा निळ्या पडद्यावर एखादा अगम्य क्रमांक झळकतो. गंमत अशी की तीच नवी ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली, तर फोटो, कागदपत्रे, सगळे काही जागच्या जागी असते.

फायलींची प्रत होणे आणि त्या प्रतीवरून लॅपटॉप सुरू होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच साठवलेला प्रोग्रॅम (आजच्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय), प्रथम जागे होते. त्याच्या छोट्याशा कायम स्मृतीत कोणत्या ड्राइव्हच्या कोणत्या पार्टिशनवरील (ड्राइव्हच्या आखलेल्या विभागावरील) कोणती फाइल चालवायची याची नोंद असते. ते पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टम पार्टिशन; विंडोजमध्ये ते बहुधा १०० एमबीच्या आसपास असते आणि एरवी वापरणाऱ्याला दिसतही नाही. त्यातील बूट मॅनेजर बीसीडी नावाची नोंदवही उघडतो आणि विंडोज कुठे आहे ते शोधतो. मग विंडोजचा गाभा स्मृतीत येतो, तो स्टोरेजचा ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्हशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, चालू करतो आणि ड्राइव्ह स्वतः वाचू लागतो. या साखळीतील नोंदी ‘सी ड्राइव्ह’ अशा घरगुती नावाने नव्हे, तर ड्राइव्ह आणि पार्टिशन यांच्या १२८ बिटांच्या ओळख क्रमांकांनी केलेल्या असतात. एकाच ओळखीच्या दोन ड्राइव्ह एका संगणकात नांदू शकत नाहीत, म्हणून काही क्लोनिंग प्रोग्रॅम नव्या ड्राइव्हला नवे क्रमांक देतात. पण तेच बदल नोंदवहीत करायचे राहिले, तर साखळी तुटते. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गाडी नेमकी कोणत्या टप्प्यावर थांबली आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. दुकानातून सर्रास मिळणारा ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला नेमकी हीच पायरी गाळतो.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ याचा अर्थ फर्मवेअरला पहिलीच फाइल सापडली नाही. सर्वांत साधे कारण म्हणजे केवळ सी ड्राइव्हची प्रत घेतली गेली आणि ते छोटे ईएफआय पार्टिशन मागेच राहिले. दुसरे कारण ड्राइव्ह ज्या खाचेत बसते तिचे असते. एम.२ प्रकारच्या सर्व एसएसडी दिसायला सारख्या, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब. पण त्यांतील काही साटा पद्धतीने बोलतात, काही एनव्हीएमई पद्धतीने, आणि प्रत्येक लॅपटॉपच्या खाचेला दोन्ही भाषा कळतातच असे नाही. यूएसबीच्या डबीत चालणारी ड्राइव्ह लॅपटॉपच्या फर्मवेअरच्या यादीत दिसतच नसेल, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरे कारण पार्टिशन तक्त्याचे, म्हणजे कोणते पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे ते सांगणाऱ्या नोंदीचे. १९८३ सालच्या एमबीआर पद्धतीच्या तक्त्यात सेक्टरचा, म्हणजे ड्राइव्हवरील साठवणीच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक लिहायला ३२ बिटच राखून ठेवलेले आहेत. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी सेक्टर मोजता येतात. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरला, तर २.२ टीबीच्या पलीकडची जागा या तक्त्याला दिसतच नाही. जुन्या लॅपटॉपची एमबीआर ड्राइव्ह जशीच्या तशी उतरवून ती केवळ यूईएफआय जाणणाऱ्या नव्या यंत्रात बसवली, तर फर्मवेअरला तीत काहीच ओळखीचे सापडत नाही. तक्ता यूईएफआयला कळणाऱ्या नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच अंतर्भूत आहे आणि ते फायलींना धक्का लावत नाही.

फर्मवेअरचा टप्पा पार होऊन ‘०एक्स-सी००००००ई’ हा क्रमांक आला, तर बूट मॅनेजर सापडला, पण त्याच्या नोंदवहीतील पत्त्यावर कुणी नाही, असे समजावे. विंडोज बसवण्याच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करावा, दुरुस्तीच्या विभागातील कमांड प्रॉम्प्ट उघडावा, पार्टिशन हाताळणाऱ्या डिस्कपार्ट या आज्ञेने ईएफआय पार्टिशनला तात्पुरते अक्षर द्यावे आणि ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा चालवून नोंदवही नव्याने लिहून घ्यावी. या वातावरणात विंडोजचे पार्टिशन ‘सी’ असेलच असे नाही. ते ‘डी’ किंवा ‘ई’ म्हणूनही दिसू शकते. आधी फोल्डर उघडून खात्री करून घ्यावी, कारण चुकीच्या अक्षरावर चालवलेल्या आज्ञेने गोंधळ वाढतो.

‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा निळा पडदा त्याही पुढच्या टप्प्याचा. येथे विंडोजचा गाभा सुरू झालेला असतो, पण ज्या ड्राइव्हवरून तो आला तीच वाचणारा ड्रायव्हर त्याच्यापाशी तयार नसतो. वेळ वाचावा म्हणून विंडोज सुरू होताना नेहमीच्या उपयोगातलेच ड्रायव्हर उचलते. साटा ड्राइव्हवर वर्षानुवर्षे चाललेली यंत्रणा एनव्हीएमई ड्राइव्हवर नेली, की ही वेळ येऊ शकते. अशा वेळी सेफ मोडमध्ये एकदा सुरू करणे बऱ्याचदा पुरेसे होते, कारण त्या अवस्थेत विंडोज मूलभूत ड्रायव्हर अधिक उदारपणे उचलते आणि पुढच्या खेपेसाठी नोंद करून ठेवते. अदलाबदलीच्या भानगडीत फर्मवेअरची मांडणी मूळपदावर गेली असेल, तर स्टोरेज कंट्रोलरची एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी यांपैकी पूर्वीची निवड परत लावून पाहावी.

कधी कधी लॅपटॉप बिघडलेला नसतोच, तो फक्त संशय घेत असतो. ड्राइव्हवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील बिटलॉकरची किल्ली टीपीएम या सुरक्षेच्या चिपमध्ये बंद असते आणि सुरू होण्याची साखळी ओळखीची वाटली तरच ती बाहेर येते. साखळीत फरक दिसला, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते आणि किल्ली त्या खात्यात जपलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. नंतर खात्याचा पासवर्ड आठवत बसण्यात जाणाऱ्या वेळेची गणती नाही.

प्रत मध्येच, समजा ३७ टक्क्यांवर, अडकते तेव्हा मात्र प्रश्न गंभीर असू शकतो. डबी किंवा केबल सैल असणे, बंद डबीत एनव्हीएमई ड्राइव्ह तापणे ही किरकोळ कारणे आधी तपासावीत. लवकर सुरू होण्यासाठीच्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे विंडोज पुरती बंद न होता अर्धवट झोपलेली असेल, तर बाहेरून प्रत घेणारी क्लोनझिलासारखी साधने तिला हात लावायला नकार देतात. तेथे पूर्ण शटडाउन हाच उपाय. पण ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ अशी त्रुटी आली, तर जुन्या ड्राइव्हमधील काही सेक्टर वाचता येत नाहीत, असा त्याचा रोख असतो. प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखून दुरुस्त करणारा संकेत साठवलेला असतो. चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या, की ड्राइव्ह चुकीची माहिती देण्याऐवजी सरळ नकार देते. अशा वेळी विंडोजचे ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारे चेकडिस्क चालवण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि मला तो धोक्याचा वाटतो: मरणपंथाला लागलेल्या ड्राइव्हकडून तासन्‌तास झीज करणारे काम करून घ्यायचे आणि तिच्यावरच लिहायचेही, यात शहाणपण नाही. डीडी-रेस्क्यू हे लिनक्सचे साधन उलट क्रमाने जाते. सुरळीत वाचता येणारा भाग ते आधी नव्या ड्राइव्हवर उतरवून घेते, अडलेल्या जागांची नोंद एका नकाशात ठेवते आणि त्या जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळते. फाइल सिस्टमची डागडुजी मग नव्या प्रतीवर करता येते.

सगळे पार पडून लॅपटॉप सुरू झाला, तरी सी ड्राइव्ह २५६ जीबीच्या मापाचीच राहिल्याची तक्रार असते. पार्टिशन तक्ता हा ड्राइव्हचा सातबारा मानला, तर नवी मोकळी जमीन शिवाराच्या शेवटी असते आणि तिच्या व सी ड्राइव्हच्या मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या रिकव्हरी पार्टिशनचा तुकडा पडलेला असतो. विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट पार्टिशन फक्त लगतच्या उजवीकडील मोकळ्या जागेत वाढवते, म्हणून ‘एक्स्टेंड’चा पर्याय फिकट दिसतो. पार्टिशन सरकवू शकणाऱ्या साधनाने तो तुकडा शेवटाला नेला, की वाट मोकळी होते. १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसणे ही मात्र त्रुटी नव्हे. उत्पादक एक लाख कोटी बाइटना एक टीबी म्हणतात आणि विंडोज तेच बाइट १०२४ च्या पटीत मोजते.

जीपीटीची आणखी एक खोड आहे. आपल्या तक्त्याची राखीव प्रत ती ड्राइव्हच्या अगदी शेवटच्या सेक्टरपाशी ठेवते. सेक्टरन्‌सेक्टर उतरवलेल्या प्रतीत ही राखीव नोंद मोठ्या ड्राइव्हच्या शेवटी न राहता मध्येच कुठेतरी येते, आणि लिनक्समधील पार्टेड हे साधन ती शेवटी हलवू का, असे विचारते. तेथे होकार द्यावा.

पहिल्यांदा सुरू करताना लॅपटॉपमध्ये नवी ड्राइव्ह एकटीच असावी. ओळख क्रमांक सारखेच राहिलेल्या दोन्ही ड्राइव्ह एकत्र जोडल्या, तर विंडोज त्यांतील एकीला ऑफलाइन करते, आणि लिनक्स सारख्याच यूयूआयडीच्या (पार्टिशनच्या ओळख क्रमांकाच्या) दोन पार्टिशनपैकी भलतेच उघडू शकते. मग नव्या ड्राइव्हवरून काम चालले आहे असे समजून आठवडाभर जुनीवरच लिहिले जाते. काही दिवस सर्व ठीक चालल्यावर जुनी ड्राइव्ह वेगळ्या संगणकाला जोडून तिचे सर्व पार्टिशन, लपलेल्या ईएफआय पार्टिशनसह, पुसावेत आणि त्यानंतरच ती साठवणीसाठी वापरायला घ्यावी.