हे टाके इथेच का खोदले?

किल्ल्यावर सहल नेली की मुलांच्या पदरी बहुधा सनावळ्या पडतात. त्याआधी एक प्रश्न विचारावा: पाण्याचे टाके याच उंचीवर का? उत्तराचा मोठा भाग खडकात आहे आणि आठवी-नववीची मुले तो स्वतः शोधू शकतात.

सह्याद्रीतले बहुतेक किल्ले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हातून घडलेल्या डोंगरांवर आहेत. अनेक थरांत खालचा व मधला भाग घट्ट काळा बेसॉल्ट असतो. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि तो लवकर झिजतो. घट्ट भागाचा ताशीव कडा होतो, पोकळ्यांच्या भागाची गवताळ पायरी. दोन थरांमध्ये कधी लाल मातकट पट्टा दिसतो. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या बाजूने झरा पाझरताना आढळतो.

चढायला सुरुवात करण्यापूर्वी दूर उभे राहून कडे आणि पायऱ्या यांचे चित्र काढून घ्या. नंतर वाटेवर खडक बदलेल तिथे उंची नोंदवायची. मोबाइलवरची उंची अनेक मीटरने चुकू शकते. दोन मीटरचा पट्टा त्यात हरवून जातो. त्यापेक्षा गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. तिच्या दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीवरून चढाकडे सरळ नजर लावायची, नजर टेकेल तिथे जाऊन उभे राहायचे आणि पुन्हा तेच. डोळ्यांची उंची दीड मीटर असेल, तर आठ टप्प्यांत बारा मीटर चढ झाला. पूर्ण वाटेवर नजर लावणारा विद्यार्थी एकच ठेवा. बदलला तर डोळ्यांची उंचीही बदलते.

सर्वांत जास्त फसवते ती खडकाची साल. शेवाळ, दगडफूल आणि ऊन-पावसाने सगळेच दगड एकसारखे काळपट होतात. वाटेकडेच्या फुटक्या दगडाची ताजी बाजू पाहावी, मात्र तो वरून घरंगळलेला असू शकतो. थराची नोंद जागच्या खडकावरूनच करायची. तटाचे दगड तर माणसांनी आणून रचलेले. हातोडा नेऊच नये. किल्ला संरक्षित असेल, तर नुकसान करणे गुन्हा आहे, आणि एरवीही तो आपला ठेवा आहे.

पोकळ्यांतली पांढरी खनिजे ओळखायला सुटा तुकडा पुरतो. खिळ्याने सहज ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकताच बुडबुडे आले, तर कॅल्साइट. खिळ्याने ओरखडा उठलाच नाही, तर बहुधा क्वार्ट्झ. ओरखडा उठतो पण बुडबुडे येत नाहीत, अशी खनिजे बहुधा झिओलाइट गटातली.

आता टाक्याकडे वळा. घट्ट खडक पाणी धरतो, पण त्यात भेगा असल्या तर गळती होते. म्हणून आतल्या भिंतींवरच्या भेगा मोजायला लावा. छिन्नीच्या खुणांची दिशा काढून घ्या. खोदताना निघालेला दगड बांधकामालाही वापरला जाई, तेव्हा टाके ही खाणसुद्धा असते. शेजारच्या तटाच्या दगडाशी पोत जुळतो का, ते भिंगातून पाहावे.

तटाच्या सांध्यांत चुना दिसला, तर तो कुठून आला हे विचारा. बेसॉल्टचा चुना भाजता येत नाही. काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी सापडणारे चुनखडीचे खडे भाजून तो मिळवता येतो. पायथ्याच्या शेतात मुलांना असे खडे शोधू द्या. तिथेही व्हिनेगरची चाचणी चालते.

वर्गात परतल्यावर आलेखाच्या कागदावर १ सेंटीमीटरला १० मीटर धरून थर काढावेत आणि त्याच पट्टीवर दरवाजा, टाकी, झरे मांडावेत. टाके घट्ट थराऐवजी पोकळ्यांच्या थरात आले, तर आधी उंचीचे माप तपासावे. ते बरोबर असेल, तर पुढच्या फेरीत त्या टाक्याच्या भिंती पुन्हा पाहाव्या लागतील.